एकाच अडचणीला चार नावं

अमळनेरच्या बस स्टँडजवळ माझ्या मावसभावाचं सेवा केंद्र आहे. सातबारा काढणं, केवायसी, पीक विमा, मुलांच्या शिष्यवृत्त्या, सगळी कामं तिथे होतात. सकाळी शटर उघडल्यापासून रांग असते. गेल्या पावसाळ्यात मी तिथे बसले होते तेव्हा सत्तरीचे एक आबा आले. त्यांनी पिशवीतून पासबुक काढलं, आधार कार्ड काढलं आणि शेवटी वहीच्या पानाची घडी उलगडून टेबलावर ठेवली. अनुदानाचे पैसे आले नव्हते म्हणून ते तीन महिने हिंडत होते, आणि जिथे जे उत्तर मिळेल ते नातीकडून लिहून घेत होते. पानावर चार ओळी होत्या. मोबाईलवर आलेला मेसेज: 'आपले खाते आधारशी संलग्न नाही'. संकेतस्थळावर दिसलेलं वाक्य: 'आधार सीडिंग अयशस्वी'. बँकेतल्या साहेबांचं उत्तर: 'आधार लिंक आहे'. दुसऱ्या एका केंद्रात पडद्यावर आलेलं: 'मॅपिंग इनअ‍ॅक्टिव्ह'.

"ताई, यामा काय लिखेल शे?" मावसभाऊ प्रिंटरशी झटत होता, म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

आपल्यामागे चार दुखणी लागली आहेत असं आबांना वाटत होतं. संलग्न नाही हे एक, सीडिंग हे दुसरं, मॅपिंग हे तिसरं, आणि बँक लिंक आहे म्हणते म्हणजे ती खोटं बोलते हे चौथं. खरं तर दुखणं एकच होतं, आणि बँक खोटं बोलत नव्हती.

मी धुळ्यात राहते आणि संगणकावरच्या, मोबाईलवरच्या मजकुराचं मराठी करण्याचं काम करते. म्हणजे आबांच्या कागदावर होती तसली वाक्यं लिहिणं हाच माझा रोजचा धंदा. काम अडलं की सॉफ्टवेअर आपल्याला जे वाक्य दाखवतं, त्याला त्रुटी संदेश म्हणतात. पुढे मी नुसतं 'संदेश' म्हणेन. या संदेशांमध्ये एका गोष्टीला एकच नाव का हवं, आणि ते का राहत नाही, हे मला सांगायचं आहे.

बँक खरं बोलत होती ती कशी

आपण 'आधार बँकेला जोडलं' म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली अशी, की बँकेने तुमची ओळख पटवताना तुमचा आधार क्रमांक तुमच्या खात्यापुढे नोंदवला. तुमची तीन बँकांत खाती असतील तर तिन्हीकडे अशी नोंद असू शकते. दुसरी गोष्ट सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी लागते, ज्याला आपण डीबीटी म्हणतो. त्यासाठी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे देशभराची एक मोठी नोंदवही आहे. तिच्यात एका आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचं नाव असतं. तुम्ही नंतर दुसऱ्या बँकेत ही नोंद करून घेतली, तर आधीच्या बँकेचं नाव जाऊन नव्या बँकेचं येतं.

तुमचं घर गावात आहे, एक खोली मळ्यात आहे आणि मुलगा नाशिकला राहतो असं समजा. तिन्ही दारांवर तुमच्या नावाची पाटी असू शकते. पण मनीऑर्डर कुठे द्यायची याचा पत्ता पोस्टमनच्या वहीत एकच असतो. दारावर पाटी आहे, पण पोस्टमनच्या वहीत नाव नाही, अशी आबांची गत झाली होती. बँकेतल्या माणसाने पाटी पाहून 'आहे' म्हटलं. बाकी तिघांनी वही पाहून 'नाही' म्हटलं, पण तिघांनी तीन वेगवेगळ्या शब्दांत.

इथे दोन उलट्या चुका एकाच वेळी झाल्या होत्या. एकाच गोष्टीला तीन नावं दिली गेली, आणि दोन वेगळ्या गोष्टींना सारखंच वाटणारं नाव मिळालं. पहिल्या चुकीमुळे माणूस नसलेलं दुखणं शोधत फिरतो. दुसऱ्या चुकीमुळे असलेलं दुखणं त्याला दिसत नाही. शब्द सांभाळायचे म्हणजे या दोन्ही बाजू सांभाळायच्या.

केळीच्या बागेत असा घोळ चालत नाही

रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मृगबाग म्हणजे जून-जुलैत लावलेली केळी, कांदेबाग म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातली. पहिली कापणी झाल्यावर खोडाजवळची पिलं राखून जी दुसरी बाग घेतात, ती पिलबाग. एवढ्या शब्दांवर व्यवहार ठरतात, खताचं वेळापत्रक ठरतं, उधारीचा वायदा ठरतो. तोच तोच शब्द कंटाळवाणा वाटतो म्हणून आज कांदेबाग आणि उद्या तिलाच दुसरं काही, असं म्हणणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. शब्द बदलला की समोरच्याला माल बदलल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटणं बरोबरच आहे.

जिथे शब्दावर पैसे ठरतात तिथे लोक आपोआप शब्द सांभाळतात. सॉफ्टवेअरमध्येही शब्दावर पैसे ठरतातच. फरक एवढाच, की शब्द लिहिणारा एकीकडे बसलेला असतो आणि पैसे दुसऱ्याचे अडकतात.

हे संदेश लिहितं कोण

पुष्कळांना वाटतं की एखादी समिती बसून हे संदेश ठरवत असेल. तसं क्वचितच होतं. एखादं अ‍ॅप तयार होताना दहा-पंधरा प्रोग्रॅमर वेगवेगळे भाग लिहितात. लॉगिनचा भाग एकाकडे, अर्जाचा दुसरीकडे, पैशांचा तिसरीकडे. जिथे अडेल असं वाटतं तिथे ज्याला जसं सुचेल तसं वाक्य तो टाकतो. एक 'यूजर आयडी' लिहितो, दुसरा 'लॉगिन नेम', तिसरा 'यूजरनेम'. दोन वर्षांनी त्यातले निम्मे नोकरी सोडून गेलेले असतात. मूळ इंग्रजीतच तीन शब्द पडलेले असतात आणि ते एकच आहेत का वेगळे, हे सांगणारं कोणी उरत नाही.

मग ही वाक्यं मराठीसाठी माझ्यासारखीकडे येतात. ती कशी येतात हे पाहिलं तर निम्मं कोडं सुटतं. एक लांबलचक तक्ता असतो. त्यात दोन-तीन हजार ओळी, प्रत्येक ओळीत एक सुटं वाक्य किंवा नुसता एक शब्द. ते कोणत्या पडद्यावर दिसणार, आधी काय घडलेलं असणार, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. नुसता 'राइट' हा शब्द समोर आला तर तो उजवा, बरोबर का हक्क? 'होम' म्हणजे घराचा पत्ता का पहिलं पान? ग्नू गेटटेक्स्ट या भाषांतराच्या मोफत साधनात प्रत्येक ओळीसोबत तिचा संदर्भ लिहायला वेगळी जागा ठेवलेली आहे. पण जागा असणं आणि कोणी ती भरणं यांत अंतर आहे.

'अ‍ॅप्लिकेशन' या शब्दाने तर एकदा माझीच फसगत केली. इंग्रजीत अर्जालाही अ‍ॅप्लिकेशन म्हणतात आणि मोबाईलमधल्या अ‍ॅपलाही. त्या तक्त्यात अर्जांबद्दलच्या शंभरेक ओळी होत्या, म्हणून मी सगळीकडे 'अर्ज' केलं. त्यात एक ओळ अ‍ॅप बंद पडल्यावर दिसणारी होती. शहाद्याच्या एका मुलीने शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला, शेवटचं बटण दाबलं आणि नेमकं तेव्हा अ‍ॅप बंद पडलं. तिला वाक्य दिसलं: 'तुमचा अर्ज अनपेक्षितपणे बंद झाला आहे'. आपला अर्ज सरकारने बंद केला असं समजून ती दोन दिवस रडत होती, हे मला तिच्या शिक्षकांकडून नंतर कळलं. तो अर्ज व्यवस्थित जमा झाला होता. तेव्हापासून मी कोणतंही काम संदर्भ विचारल्याशिवाय घेत नाही.

संदेशातला शब्द पडद्यावर सापडला पाहिजे

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हा आहे. चौकटीवर 'मोबाईल नंबर' लिहिलेलं असतं आणि संदेश म्हणतो 'कृपया भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा'. ज्याला दोन्ही शब्द माहीत आहेत त्याला यात काही वाटत नाही. ज्याला माहीत नाहीत तो पडद्यावर 'भ्रमणध्वनी' नावाची चौकट शोधत बसतो. ती नसतेच. मग तो मागे जातो, पुन्हा पहिल्यापासून भरायला लागतो, तोवर ओटीपीची मुदत संपते.

शेतजमिनीच्या बाबतीत हे आणखी टोचतं. आमच्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी 'गट नंबर' असतो. सर्व्हे नंबर त्याआधीचा, आणि जमिनींचं एकत्रीकरण झालं तिथे गट नंबर आले. म्हणजे हे दोन आकडे वेगळे असू शकतात. आता एखाद्या पडद्यावर चौकटीचं नाव 'गट क्रमांक' आहे आणि संदेश आला 'सर्व्हे क्रमांक आढळला नाही', तर शेतकऱ्याने काय समजायचं? गट नंबर चुकला, का जुना सर्व्हे नंबर टाकायला हवा होता? विचारी माणूस घरी जाऊन जुना उतारा शोधेल. तो जितका विचारी, तितका जास्त फिरेल.

म्हणून मी ज्यांच्याबरोबर काम करते त्यांना एकच गोष्ट करायला सांगते. संदेशातल्या प्रत्येक नामाखाली बोट ठेवा आणि तोच शब्द, त्याच अक्षरांत, पडद्यावर दाखवा. सापडला नाही तर दोन्हींपैकी एक बदला.

शब्द सारखा असण्याचा आणखी एक फायदा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मावसभाऊ काही अडलं की पडद्याचा फोटो काढतो आणि केंद्रचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. कोणाला तरी आधी तेच अडलेलं असतं. पण ग्रुपमध्ये जुनं उत्तर शोधायचं तर नेमका शब्द लागतो. तीच अडचण काल 'सीडिंग' होती आणि आज 'संलग्न' झाली, तर कालचं उत्तर असूनही सापडत नाही. हेल्पलाइनवरही तेच. समोरच्या मुलीच्या कागदावर एक शब्द असतो, फोन करणारा दुसरा वाचून दाखवतो, आणि दोघंही प्रामाणिकपणे म्हणतात की हे माझ्याकडे नाही.

पण समानार्थी शब्द ही भाषेची श्रीमंती ना?

हा आक्षेप माझ्या शाळेतल्या बाईंनीच घेतला होता. निबंधात एकच शब्द दोनदा आला की त्या खाली रेघ मारत. सूर्य, रवी, भास्कर, दिनकर. मला त्यांचं म्हणणं आजही पटतं, निबंधापुरतं. निबंध वाचणारा निवांत असतो. त्याला सूर्य एकच आहे हे आधीच माहीत असतं, म्हणून चार नावांची त्याला गंमत वाटते. संदेश वाचणारा अडलेला असतो. बऱ्याचदा घाबरलेला असतो, मागे रांग असते, कामाचा दिवस बुडालेला असतो. त्याच्यासाठी ती वस्तू नवी असते आणि तिची ओळख पटायला तिचं नाव हाच एक धागा असतो. नाव बदललं की धागा तुटला.

विमान वाहतुकीत हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला गेला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण त्यांतलं एक शब्दांचं होतं. उड्डाणानंतरचा मार्ग सांगताना नियंत्रकाच्या बोलण्यात 'टेकऑफ' हा शब्द आला होता. उड्डाणाची परवानगी अजून दिलेली नव्हती. वैमानिकाने मात्र विमान पळवायला सुरुवात केली होती. त्यानंतर जगभर नियम झाला की 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा. एरवी त्याच गोष्टीबद्दल बोलायचं असेल तर 'डिपार्चर' म्हणायचं. तिथे भाषा गरीब झाली असं कोणी म्हणत नाही.

मग सरळ इंग्रजीच ठेवा ना

इंग्रजी ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. सीडिंग, मॅपिंग, लिंकिंग हे तिन्ही शब्द इंग्रजीच आहेत. घोळ तिकडूनच आला होता.

तरी या आक्षेपात तथ्य आहे. लोकांच्या तोंडी जो शब्द बसला आहे तो इंग्रजी असला तरी काढू नये, हे मला मान्य आहे. पासवर्डला मराठीत मी आजवर परवलीचा शब्द, संकेतशब्द, कूटशब्द आणि गुप्तशब्द अशी चार नावं छापलेली पाहिली आहेत. चारही अर्थाने बरोबर आहेत. पण अमळनेरच्या बाजारात कोणी 'माझा संकेतशब्द विसरलो' म्हणत नाही. पासवर्ड म्हणतो. म्हणून पासवर्डच लिहावं, आणि सगळीकडे पासवर्डच लिहावं.

रुळलेला शब्दही कधीकधी पुरा पडत नाही. 'पिन' पाहा. टपालाचा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे आणि तो सहा अंकी असतो, जळगावचा ४२५००१. एटीएमचा पिन वेगळा. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याचा पिन आणखी वेगळा, चार किंवा सहा अंकी. आता एखाद्या पडद्याने नुसतं 'पिन टाका' म्हटलं तर कोणता? माझ्या आत्याने यूपीआयच्या जागी गावाचा पिन कोड टाकला होता, कारण तिच्या आयुष्यात सहा आकड्यांचा पिन तोच होता. पडदा म्हणाला 'अवैध पिन'. तिने पुन्हा तोच टाकला. तिसऱ्यांदा टाकल्यावर तिचं ते खातं मोबाईलवरून तात्पुरतं बंद झालं. 'यूपीआय पिन' हे दोन शब्द प्रत्येक वेळी पूर्ण लिहिले असते आणि चूक सांगतानाही तेच वापरले असते, तर एवढं झालं नसतं.

'अवैध' या शब्दाबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत तो रोज भेटतो: अवैध वाळू, अवैध दारू, अवैध वाहतूक. पुढे पोलीस आणि दंड ठरलेला. आत्याने फोन उलटा करून ठेवला आणि संध्याकाळी मला हळू आवाजात विचारलं, आपल्यावर काही केस तर होणार नाही ना? 'चुकीचा' हा साधा शब्द असताना तिथे 'अवैध' लिहिण्याचं कारण मला अजून समजलेलं नाही. मी माझ्या कामातून तो काढून टाकला आहे.

शब्दांचा घोळ राहू दे, नुसता नंबर द्या

नंबराचे फायदे खरे आहेत. इंटरनेटवर ४०४ म्हणजे मागितलेलं पान सापडलं नाही, ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही. हे आकडे भुसावळलाही तेच आणि टोकियोलाही तेच. नंबराला विभक्ती लागत नाही, समानार्थी शब्द नसतात. प्रत्येक संदेशाच्या शेवटी नंबर असावा, मी त्या बाजूची आहे.

पण नुसता नंबर किती घातक ठरू शकतो, याचं उदाहरण रुग्णालयांतलं आहे. थेरॅक-२५ नावाचं कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याच्याकडून सहा रुग्णांना बेसुमार जास्त किरण दिले गेल्याची नोंद आहे आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. मूळ दोष प्रोग्रॅममध्ये आणि सुरक्षेच्या रचनेत होता. पण टेक्सासमध्ये १९८६ साली ते घडलं तेव्हा पडद्यावर फक्त 'मालफंक्शन ५४' एवढंच उमटलं. चालवणाऱ्यांकडच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला नव्हता. ते यंत्र असे आकडे दाखवून दिवसातून अनेकदा थांबायचं, त्यामुळे एक बटण दाबून पुढे जायची सवय लागलेली होती. तेव्हाही बटण दाबलं गेलं आणि रुग्णाला दुसऱ्यांदा मारा बसला.

नंबर पाठीशी असावा, पुढे वाक्य हवं, आणि एका नंबराला कायम तेच वाक्य.

जिथे शब्द वेगळेच हवेत

आतापर्यंत एका गोष्टीला एक नाव म्हणत होते. आता उलटी बाजू. यूपीआयने पैसे पाठवल्यावर पुढे निरनिराळ्या गोष्टी घडू शकतात. पैसे पोहोचले. बँकेने नाकारले, म्हणजे खात्यातून निघालेच नाहीत. खात्यातून निघाले पण पुढे पोहोचले का हे अजून कळलेलं नाही. पोहोचले नाहीत आणि परत येत आहेत. यांना 'अयशस्वी' या एकाच शब्दात कोंबलं, तर कृषी केंद्रात बियाणं घ्यायला उभा असलेला माणूस लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवतो. पहिले 'अडकलेले' असतील तर दोन्ही जातात आणि मग परत मागत फिरायचं.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यासाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण जमा झाले नाहीत, तर ते जास्तीत जास्त पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी पाच दिवस. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा हक्क मोठा आहे, पण तो मागायचा कधी हे पडद्यावरच्या शब्दावरून कळायला हवं. 'प्रलंबित', 'प्रक्रियेत' आणि 'अयशस्वी' हे तीन शब्द एकाच व्यवहारासाठी आलटून पालटून दिसत असतील, तर दिवस कुठून मोजायचे?

मी इथे चार शब्द वापरते: जमा झाले, नाकारले, अडकले आहेत, परत येत आहेत. माझ्या एका सहकाऱ्याला 'अडकले आहेत' फार घरगुती वाटतं. पण आमच्या भागात पैशांबद्दल लोक असंच बोलतात, आणि ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं तेही कळतं: थांबायचं, दुसऱ्यांदा पाठवायचं नाही.

खान्देशात कोणाची मराठी?

अमळनेरला घरात अहिराणी बोलतात, यावल-रावेरकडे लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्याला भिली आणि पावरी, नवापूरकडे गुजराती कानावर असते. या सगळ्यांसाठी पडद्यावरची मराठी ही शाळेत किंवा कचेरीत शिकलेली मराठी असते. मग शब्द कोणाचा घ्यायचा, असं मला विचारतात.

माझं उत्तर असं, की त्यामुळेच तर एकच शब्द हवा. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या आशाताईने मोठ्या कष्टाने 'नोंदणी' हा शब्द शिकून घेतलेला असतो. पुढच्या पडद्यावर 'पंजीकरण' आणि त्यापुढे 'रजिस्ट्रेशन' आलं, तर तिची मेहनत दोनदा वाया गेली. जन्मापासून मराठी बोलणारा संदर्भावरून ओळखतो. दुसरी भाषा म्हणून शिकलेल्याला ते जड जातं. शब्द कोणता निवडला याने जितका फरक पडतो, त्याहून जास्त फरक तो टिकवला का याने पडतो. अनोळखी शब्दही दहा वेळा त्याच जागी दिसला की ओळखीचा होतो.

हे जमवायचं कसं

यासाठी संज्ञायादी लागते, म्हणजे ठरलेल्या शब्दांची यादी. तिच्यात प्रत्येक गोष्टीपुढे तिचा एक शब्द, ती गोष्ट म्हणजे नेमकं काय हे सांगणारं एक वाक्य आणि वापरायचे नाहीत असे शब्द. हा शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी असतो आणि तोच लोक रिकामा ठेवतात. नुसतं 'खाते' लिहून भागत नाही. शेजारी 'अकाउंट नको, लेखा नको' हेही लिहावं लागतं. आणि सगळे संदेश प्रोग्रॅममध्ये विखरून न ठेवता एकाच फायलीत ठेवायचे, म्हणजे एका नजरेखालून घालता येतात.

मराठीत एक अडचण आहे जी इंग्रजीच्या पुस्तकांत सापडत नाही. इंग्रजीतला शब्द वाक्यात फारसा बदलत नाही, आपला बदलतो. खाते, खात्यात, खात्याशी, खात्यांमधून. यादीतला शब्द वापरला आहे का हे संगणकाला तपासायला सांगितलं तर तो 'खाते' शोधतो आणि 'खात्यात' पाहून म्हणतो, इथे नाही. म्हणून यादीत 'खात्या' हे रूपही द्यावं लागतं.

याच्याही पुढचा त्रास रिकाम्या जागांचा. सॉफ्टवेअर वाक्य तयार ठेवतं आणि मध्ये तालुक्याचं नाव आयत्या वेळी भरतं. इंग्रजी वाक्य तसंच उचललं तर 'चोपडामध्ये नोंद सापडली नाही', 'धुळेमध्ये', 'पारोळामध्ये' अशी वाक्यं तयार होतात. आपण चोपड्यात, धुळ्यात, पारोळ्यात म्हणतो. नावाला प्रत्यय लावायचाच नाही, अशी मी यातून वाट काढते. 'तालुका: चोपडा. या तालुक्यात तुमच्या गट क्रमांकाची नोंद सापडली नाही.' वाक्य थोडं लांबतं, पण नाव जसंच्या तसं राहतं आणि कानालाही खुपत नाही.

आता मराठी यंत्रच करतं, मग यादी कशाला, असंही विचारतात. यंत्र झपाट्याने काम करतं आणि वाक्यं चांगली देतं. पण त्याला प्रत्येक ओळ सुटी दिली तर ते प्रत्येक ओळीत त्या ओळीला शोभेल असा शब्द निवडतं. तीन हजार सुंदर वाक्यं होतात आणि एका गोष्टीला पुन्हा चार नावं होतात. यादी आधी यंत्राच्या हातात दिली तर फरक पडतो. ती यादी मात्र कोणीतरी माणसांत बसूनच करावी लागते.

आबांना त्या दिवशी मावसभावाने एका चिठ्ठीवर वाक्य लिहून दिलं: 'डीबीटीच्या पैशांसाठी माझ्या आधारची नोंद या बँकेच्या नावावर करायची आहे.' ती चिठ्ठी घेऊन ते बँकेत गेले, फॉर्म भरून आले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा केंद्रावर आले. मोबाईलवर नवा मेसेज आला होता: 'आपले आधार संलग्नीकरण सक्रिय झाले आहे'. हप्ता जमा झाला होता, पासबुकात दिसत होता. तरी ते चौदा किलोमीटर येऊन विचारत होते की हे 'सक्रिय' म्हणजे आता नवीन काय?

मावसभावाने त्यांचं ते वहीचं पान मागून घेतलं. चार ओळींखाली पाचवी लिहिली. मग पहिली, दुसरी, चौथी आणि पाचवी ओळ एका रेघेने जोडून पुढे लिहिलं, 'पोस्टमनची वही'. बँकेच्या ओळीपुढे वेगळं लिहिलं, 'दारावरची पाटी'. आबांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि पानाची घडी घालून पासबुकात ठेवली.